पुन्हा पहिल्या वर्षाला

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली इंग्लंडला गेले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती त्यांना मिळालेली होती. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोहोचून या हुशार पदवीधराने काय केले? पुन्हा पदवीचाच अभ्यास केला. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते पहिल्या स्थानावर आले आणि सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे आयुष्यभर महाराष्ट्र त्यांना रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखत राहिला. पण ट्रायपॉस ही केंब्रिजच्या बी.ए.ची परीक्षा. ज्या यशाचे आपण सव्वाशे वर्षे कौतुक करतो आहोत ते दुसऱ्या पदवीतले यश आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

एकदा ही गोष्ट दिसली की मग ती जागोजागी दिसू लागते. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून बी.एस्सी. झाले, केंब्रिजला गेले आणि पुन्हा पदवीला बसून रँग्लर झाले. त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर १९५७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि वडिलांच्याच वाटेने केंब्रिजला जाऊन १९५९ मध्ये सीनियर रँग्लर. एकाच घरात दोन पिढ्या दोनदोनदा पदवीधर! अमर्त्य सेन कलकत्त्याची बी.ए. घेऊन गेले होते, तरी केंब्रिजने त्यांना आणखी एका बी.ए.ला बसवले, फक्त दोन वर्षांत आटपण्याची सवलत दिली. जगदीश भगवती मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातून गेले, तेही असेच. आणि डॉ. मनमोहन सिंग तर पंजाब विद्यापीठाचे एम.ए. होऊन गेले होते. एम.ए. झाल्यावर त्यांनी केंब्रिजची पदवी परीक्षा दिली आणि १९५७ मध्ये पहिला वर्ग मिळवला. (परांजपे, भगवती आणि मनमोहन सिंग, तिघेही सेंट जॉन्सचेच. त्या कॉलेजाच्या पाण्यात काही आहे की काय कोण जाणे.)

आज एखाद्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने घरी सांगून पाहावे की, 'मी बी.कॉम. झालेय, नोकरीही बरी आहे, पण मला आता पुन्हा बी.एस्सी. करायचंय.' आत्या म्हणेल, 'अगं, मग एम.कॉम. तरी कर, पुढे जाशील.' वडील काही बोलणार नाहीत, पण पेपर जरा जास्तच उंच धरतील. आपल्या मनात शिक्षण म्हणजे शिडी, आणि शिडीवर खालच्या पायरीवर परत येणारा माणूस घसरलेला असतो. परांजपे घसरले नव्हते, हे आपण मान्य करतो, कारण ते केंब्रिज होते. वसईची मुलगी वसईतच पुन्हा पहिल्या वर्षाला बसली की तो वेळेचा अपव्यय.

मला या प्रश्नाचे कुतूहल वेगळ्याच कारणाने आहे. दुसरी पदवी घ्यावी की नाही हे ठरवायला बसले की पदवी ही वस्तू नेमकी कशाची बनलेली आहे ते उलगडून पाहावे लागते. आणि आत जे दिसते ते थक्क करणारे आहे.

आधी तिचे वजन पाहू. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने ते चक्क मोजून दिले आहे. एक श्रेयांक म्हणजे शिकण्याचे ३० तास. त्यात तास, प्रात्यक्षिके, घरचा अभ्यास, परीक्षा सगळे आले. वर्षाला ४० श्रेयांक, म्हणून तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०. गुणाकार केला की आकडा येतो ३६०० तास. नोकरी सांभाळून रोज दोन तास काढणाऱ्या माणसाला, गणपती-दिवाळी-रविवार न पाहता, १८०० दिवस लागतील. जवळजवळ पाच वर्षे! रोज तीन तास निघाले तर सव्वातीन. अर्थात आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली पदवी या हिशेबाच्या निम्म्या तासांतही काढली नसेल, परीक्षेच्या आधीचा महिना आणि गाइड यांच्या जोरावर. पण दुसऱ्या पदवीचा विचार करणारा माणूस सहसा तसे करायला जात नाही. त्याला खरेच शिकायचे असते, म्हणून त्याने खरा आकडाच धरावा.

आता श्रेयांकांचे पुढे काय होते ते पाहा. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक काढली, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. विद्यार्थ्याचे खाते, त्यात श्रेयांक जमा, सामान्यपणे सात वर्षांची मुदत. एका विद्यापीठात मिळवलेले दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतात. ऐकल्यावर पहिला विचार येतो तो हाच की, पहिल्या पदवीचे १२० पडलेलेच आहेत, त्यातले अर्धे दुसरीकडे वळवू. तसे होत नाही. पदवी देताना ते श्रेयांक खात्यातून कायमचे वजा होतात. पदवी हातात आली की शिल्लक शून्य. अमेरिकेत अनेक विद्यापीठे दुसऱ्या बॅचलर पदवीसाठी पहिल्या पदवीतले सामान्य विषय मान्य करतात आणि बरेचदा स्वतःकडचे तीसेक श्रेयांक पूर्ण करायला सांगतात. आपल्याकडे तुम्ही शेक्सपिअर एकदा वाचलात म्हणून दुसऱ्या पदवीत इंग्रजीचा पेपर सुटत नाही.

मग एवढे ३६०० तास पुन्हा घालण्यापेक्षा सरळ पदव्युत्तरला का जाऊ नये? आत्याचा प्रश्न योग्यच आहे. आणि इथेच या सगळ्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

भौतिकशास्त्राचा बी.एस्सी. उद्या मराठीत किंवा इतिहासात एम.ए. करायचे म्हणाला तर अनेक विद्यापीठांत त्याला प्रवेश मिळतो. मराठीचा बी.ए. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचे म्हणाला तर सहसा मिळत नाही. रस्ता एकाच दिशेने वाहतो. वरवर पाहता हा विज्ञानवाल्यांचा गर्व वाटेल, किंवा नियम करणाऱ्यांचा कारकुनी दुराग्रह. तसे नाही. ज्ञानाच्या अंगातच हा फरक आहे. बॅसिल बर्नस्टाइन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये त्याची छान मांडणी केली. काही विषय उभे वाढतात. नवा सिद्धान्त जुन्यांना पोटात घेऊन त्यांच्यावर उभा राहतो. न्यूटन कळल्याशिवाय आइनस्टाइन कळत नाही आणि कॅल्क्युलस आल्याशिवाय न्यूटनही अर्धाच. काही विषय आडवे पसरतात. त्यांत नवी विचारसरणी जुनीच्या शेजारी येऊन बसते, तिला पुसत नाही. इतिहासात तुम्ही मधूनच शिरू शकता. आधी पेशवाई, मग सातवाहन, मग पुन्हा कोकणातली खोती, असा अभ्यास करून कुणी उत्तम इतिहासकार होऊ शकतो. आधी श्रोडिंजरचे समीकरण आणि मग त्रिकोणमिती, असे भौतिकशास्त्रात चालत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे याचे झळझळीत उदाहरण. गोव्यात जन्मलेला हा माणूस हार्वर्डमध्ये शिकला, पेशाने गणिती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचा प्राध्यापक. संख्याशास्त्र हाताशी घेऊन तो जुन्या नाण्यांची वजने करू लागला, नाण्यांवरून इतिहासात गेला आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशाच बदलणारे पुस्तक लिहून मोकळा झाला. इतिहासाची पदवी घेतली नाही, कुणी मागितलीही नाही. उलट्या दिशेने असे जाता येते का? चाणाक्ष वाचक इथे एडवर्ड विटेनचे नाव घेईल आणि ते बरोबरच आहे. विटेन ब्रँडाइस विद्यापीठाचा इतिहासाचा बी.ए., आणि तरी प्रिन्स्टनला जाऊन सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ झाला. १९९० मध्ये गणितातले फील्ड्स पदक त्याला मिळाले. दुसरी पदवी त्यानेही घेतली नाही. पण त्याचे वडीलच सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ होते, हे विसरून चालणार नाही. त्याचे पहिले वर्ष बहुधा जेवणाच्या टेबलावरच झाले असावे.

तेव्हा पहिली चाळणी ही. ज्या विषयात जायचे आहे तो आडवा असेल तर दुसरी बॅचलर पदवी बहुतेक वेळा अनावश्यक. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, भाषा, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, व्यवस्थापन, इथे कुठलीही पदवी चालते किंवा वर्षा-दोन वर्षांचा पूल आधीच बांधलेला असतो. एम.सी.ए.लाही गणिताची अट पुरी होत असली की वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर घेतात. विषय उभा असेल तर मात्र गाडी बदलायला मनमाडपर्यंत मागे यावेच लागते. त्यात कमीपणा कसला? रूळच तसे टाकलेले आहेत.

दुसरी चाळणी ज्ञानाची नाही, कायद्याची आहे. काही पेशांत शिरायला विशिष्ट बॅचलर पदवीच लागते, तिच्या जागी पीएच.डी. दाखवली तरी उपयोग नाही. कायद्यात पीएच.डी. केलेल्यालाही एलएल.बी. नसेल तर सनद मिळत नाही. माध्यमिक शाळेत शिकवायला बी.एड. डॉक्टर व्हायला एम.बी.बी.एस., जी आपल्याकडे बारावीनंतरची बॅचलर पदवीच आहे. खरे तर एका कागदावर दोन बॅचलर पदव्या, एक वैद्यकाची आणि एक शल्यक्रियेची. ज्या डॉक्टरीण बाईंकडे आपण सर्दीला जातो त्या जन्मजात दुहेरी पदवीधर असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही की दुसरी का केलीत. तीन वर्षांची एलएल.बी. आणि बी.एड. तर मुळातच पहिली पदवी झालेल्यांसाठी आहेत. आपल्या ओळखीच्या कितीतरी शिक्षकांनी आणि वकिलांनी दुसरी बॅचलर पदवी घेतलेली आहे, फक्त तिला 'दुसरी' म्हणायची सवय नाही. ही परंपरा विद्यापीठाइतकीच जुनी. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ मध्ये झाले, त्यात महादेव गोविंद रानडे होते. १८६६ मध्ये तेच रानडे एलएल.बी. झाले. टिळकही बी.ए.नंतर १८७९ मध्ये एलएल.बी.

कायद्याची तीन वर्षांची पदवी जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण मराठी मध्यमवर्गात चाळिशीनंतर सर्वाधिक मोह तिचाच होतो. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५चे, पुण्याचे आयएलएस १९२४चे. सकाळच्या तासाला जाऊन बसा. पहिल्या बाकांवर नुकतेच पदवीधर झालेले, मनात सीईटीच्या आठवणी ताज्या. मागे बँकेतले अधिकारी, एखादे फौजदार, औषध कंपनीत काम करणारी रसायनशास्त्राची एम.एस्सी., सोसायटीच्या वादाला कंटाळून 'आता मीच शिकतो' म्हणून आलेले निवृत्त गृहस्थ. वयाची तीस वर्षांची अट २०१६ मध्ये पुन्हा आणण्याचा प्रयत्न झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली, म्हणून तो मागचा बाक शिल्लक आहे. पदवीला ४५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना सवलत. पण एक गोष्ट पुष्कळांना प्रवेश घेतल्यावर कळते. हजेरी ७० टक्के लागते आणि पत्राद्वारे केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. 'नाव घालून ठेवतो, परीक्षेला जाईन' हा बेत इथे नियमात बसत नाही.

त्या औषध कंपनीतल्या बाईंचे गणित मात्र मला फार आवडते. १९७०च्या पेटंट कायद्यानुसार पेटंट एजंट व्हायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. नुसती कायद्याची पदवी चालत नाही, मोठ्यातल्या मोठ्या वकिलालाही नाही. एजंटाची परीक्षा एम.एस्सी.वालीला देता येते, पण पेटंटचा खटला न्यायालयात उभा राहून लढवायला सनद लागते. दोन्ही बाजूंना पाय ठेवता येतो तो फक्त ज्याच्याकडे दोन्ही पदव्या आहेत त्याला. इथे एक अधिक एकची बेरीज दोनच्या वर जाते. दुसऱ्या पदवीचा खरा फायदा बहुधा अशाच सांध्यांवर असतो. पहिली पदवी टाकून देऊन दुसरी घेणारा शून्यावर येतो. पहिलीला दुसरी जोडणारा अशा जागी जाऊन बसतो जिथे गर्दीच नाही.

अभियांत्रिकीची वाट याहून गमतीदार. बी.एस्सी. झालेल्याला, बारावीत गणित असेल आणि पदवीला ४५ टक्के असतील तर, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे चारातले एक वर्ष वाचते. पण तंत्रशिक्षणाचे नियम करणाऱ्या एआयसीटीईच्या नियमात एक शेपूट आहे. पदविकाधारकांचे प्रवेश झाल्यावर उरलेल्या जागा यांना, आणि पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ग्राफिक्स व मेकॅनिक्स हे दोन पेपर मागाहून सोडवायचे. पदविकावाल्यांना ते आलेलेच असतात. त्यामुळे क्वांटम मेकॅनिक्स शिकून आलेला पदवीधर अठरा वर्षांच्या पोरांबरोबर ड्रॉइंग शीटवर सेट स्क्वेअर सरकवत बसतो, षट्कोनी लोलक आडव्या प्रतलाशी तीस अंशांत कलला तर समोरून कसा दिसेल ते काढत. ऐकायला विनोदी वाटते. पण अभियंत्याची नजर नेमकी तिथेच तयार होते आणि तीन वर्षांच्या भौतिकशास्त्राने ती दिलेली नसते. अट घालणाऱ्याला विषय कळत होता. (हे नियम दर वर्षी थोडे हलतात. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कुणी पैसे भरू नयेत.)

कागदपत्रांचे पुराण थोडक्यात. शेवटच्या कॉलेजाचा दाखला, मायग्रेशन, आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र. त्यात शपथेवर लिहून द्यायचे की अमुक ते अमुक या काळात मी कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता. बारा वर्षे नोकरी केली, दोन मुले वाढवली, आईचे आजारपण काढले, सगळे त्या एका शब्दात: गॅप. शासनाला त्यात काही गैर वाटत नाही आणि खिडकीवरच्या कारकुनाला तर मुळीच नाही.

पैशाचा भाग मात्र थोडा कडवट आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत जुना नियम आहे की एक टप्पा पार केल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयाला बसणाऱ्याला ती मिळत नाही. बी.ए.नंतर बी.कॉम. केले तर नाही. इंग्लंडने २००८पासून नेमके हेच केले. समान किंवा खालच्या पातळीची पदवी पुन्हा करणाऱ्यांसाठी विद्यापीठांना मिळणारे सरकारी अनुदान बहुतांशी बंद केले आणि त्याचा फटका तिथल्या मुक्त विद्यापीठाला बसला. दोन्हीकडचा विचार एकच: एकदा सरकारने शिकवले, दुसऱ्यांदा स्वतःच्या खर्चाने. समजण्यासारखा आहे. पण सतराव्या वर्षी चुकीच्या शाखेत ढकलल्या गेलेल्या आणि घरात पैसा नसलेल्या मुलाला हा नियम कसा दिसत असेल, याचा विचार तो लिहिणाऱ्यांनी केलेला नाही.

आणि पदवीने पगार वाढतो का? अर्थशास्त्रात याची दोन उत्तरे आहेत आणि दुसऱ्या पदवीच्या बाबतीत ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. गॅरी बेकरच्या मते शिक्षण ही गुंतवणूक, त्याने माणसाची कुवत वाढते. मग दुसरी पदवीही वाढवील. मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये वेगळेच सुचवले: पदवी ही मालकाला दिलेली खूण असते. 'हा माणूस चिकाटीचा आहे, तीन वर्षे टिकला' एवढेच ती सांगते. हे खरे असेल तर दुसऱ्या पदवीची खूण जवळजवळ फुकट, कारण तेच दुसऱ्यांदा सांगून होते. स्पेन्सला २००१चे नोबेल मिळाले. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून आपली दुसरी पदवी नुसती बायोडेटावरची ओळ होणार की हाताला काही नवे करता येणार, हा प्रश्न स्वतःला विचारणे भाग आहे. पहिलेच उत्तर येत असेल तर मी तरी पैसे घालणार नाही.

राहता राहिला डोक्याचा प्रश्न. 'आता या वयात डोक्यात शिरेल का?' हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण पस्तिशीचेही नसतात. त्यांना हर्मान एबिंगहाऊसची गोष्ट सांगावीशी वाटते. या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या करून स्वतःच पाठ केल्या, विसरू दिल्या आणि पुन्हा पाठ केल्या. वर्षानुवर्षे हा खेळ चालला. १८८५ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग भयंकर होता, ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याने मोजले होते ते वेगळेच: पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो. ३१ दिवसांनी यादीतले काही धड आठवत नसतानाही दुसऱ्यांदा पाठ करताना एक पंचमांश वेळ वाचत होता. पूर्ण गेले असे वाटते ते पूर्ण गेलेले नसते. आणि तीही निरर्थक अक्षरे. तुमचे त्रिकोणमितीचे सूत्र तर अर्थपूर्ण होते.

याहून थक्क करणारे काम हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल यांचे, १९९१चे. शाळेत शिकलेले बीजगणित लोकांना पन्नास वर्षांनी किती येते ते त्यांनी शेकडो लोकांना परीक्षेला बसवून पाहिले. जे बीजगणितावरच थांबले होते, त्यांचे जवळपास सगळे पुसले गेले होते, मग त्यांना शाळेत गुण कितीही मिळालेले असोत. जे पुढे कॅल्क्युलसपर्यंत गेले होते, त्यांचे बीजगणित अर्ध्या शतकानंतरही शाबूत होते, मध्ये काही वापर नसताना! उभ्या विषयाची ही कमाल. वरचा मजला बांधला की खालचा आपोआप पक्का होतो. तेव्हा बी.कॉम. झालेल्या त्या मुलीला दुसऱ्या पदवीत गणित जड जाईल का, याचे उत्तर तिच्या वयात शोधू नये. ती गणितात कुठवर जाऊन थांबली होती, तिथे शोधावे.

दुसऱ्या बाजूने एक थंड पाण्याचा शिपकाही आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळातल्या निष्णात खेळाडूला पाच सेकंद पट दाखवला आणि सोंगट्या पुन्हा मांडायला सांगितल्या. खऱ्या डावातला पट असेल तर त्याने बराचसा मांडला. सोंगट्या वाटेल तशा टाकलेल्या असतील तर तो नवशिक्याच्याच पातळीवर आला. निष्णात माणसाची स्मरणशक्ती मोठी नसते, त्याच्या विषयातल्या आकृत्या त्याला ओळखीच्या असतात, इतकेच. नव्या विषयात त्या आकृत्या नसतात. पंधरा वर्षे हिशेब तपासणारा सीए जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला खराखुरा नवशिक्या असतो आणि हे नवशिकेपण हुशार माणसाला फार लागते. मध्येच सोडणाऱ्यांत अशा कामात मुरलेल्या माणसांची संख्या बरीच असावी, असा माझा आपला अंदाज आहे. विसाव्या वर्षी न कळण्याची लाज नसते. चाळिसाव्या वर्षी ती असते.

आता वेळापत्रकाची मोठी अडचण बरीच सुटली आहे. एप्रिल २०२२पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली. दोन्ही प्रत्यक्ष, तासांच्या वेळा आदळत नसतील तर. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन. किंवा दोन्ही दूरस्थ. कायद्याला ही मुभा नाही, बार कौन्सिलचे नियम आडवे येतात. १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९८५चे इग्नू यांनी तर नोकरी सांभाळून शिकण्याची वाट कधीच रुळवली होती. आणि आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा जो अभ्यासक्रम काढला, त्यात जेईई नाही, वयाची अट नाही. आधी चार आठवडे शिकवतात, मग त्यावरच पात्रता परीक्षा घेतात. दार बंद ठेवून बाहेर परीक्षा घेण्याऐवजी आत बसवून शिकवायचे आणि मग विचारायचे, राहता का? इतकी साधी कल्पना सुचायला आपल्या शिक्षणव्यवस्थेला एवढी वर्षे का लागली, कळत नाही. मध्येच थांबावे लागले तर टप्प्यावरचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, पुढे जायचे तर चार वर्षांच्या पदवीपर्यंत.

ही चार आठवड्यांची युक्ती कुणालाही घरी करता येते. ज्या पदवीचा विचार चालू आहे तिच्या दुसऱ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका शोधा. पहिल्या वर्षाच्या नकोत, त्या सगळ्यांनाच गोड वाटतात. कंटाळा कुठे येतो ते दुसऱ्या वर्षात कळते. वकिली खुणावत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेची, जीवशास्त्र असेल तर जीवरसायनाची. मग त्याच विषयाचा, एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावरचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्या. शिकणे फुकट, परीक्षेला बसायचे तर हजार रुपये, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. सत्रे जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. सहाव्या आठवड्यातला गृहपाठ वेळेत भरणारे कमी असतात. त्यांत आपण असलो तर सीईटीचा अर्ज भरायला हरकत नाही, आणि आत्याला तेव्हाच सांगावे.